एबेनेझरचे एबू, नहेम्याचे नेहमी

माणसं बदलून जातात, रिटायर होतात, पण त्यांच्या नावांचे किस्से काही स्टाफरूम सोडत नाहीत! आदिलाबादच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवते. सोबतचे निम्मे सर-मॅडम ख्रिश्चन. नावं सगळी बायबलातली, भारदस्त. अन् आमची जीभ आळशी. मग काय, चहाबरोबर रोज कोणाचं ना कोणाचं बारसं व्हायचं! आता त्यातलं फारसं कोणी उरलं नाही. चहा उरलाय.

*

गणिताचे एबेनेझर सर नवीनच आले होते. हेडमास्तरांनी शिपाई गंगारामला त्यांना बोलवायला पिटाळलं. गंगाराम वर्गाच्या दारात उभा राहून अडखळला, "एबे... एबेजर... बेजार सर! तुमाले बोलावलं!"

सगळा वर्ग फुटला. सरांनी हातातल्या पेपरांकडं पाह्यलं अन् म्हणाले, "बरोबर बोलला रे. या पोरायची गणितं तपासून तेच झालो!"

आमाला दया आली. त्या दिवसापासून ते एबू सर.

*

नहेम्या सर तेलुगू शिकवायचे अन् रोज लेट यायचे. आमी त्यांना "नेहमी सर" केलं. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "हे नेहमी सर केव्हा येतात?"

एबू सर शांतपणे म्हणाले, "कधीकधी!"

नेहमी सरांची निर्मलला बदली झाली. प्रार्थना संपली की माझी नजर अजून गेटाकडं जाते. एवढा उशीर त्यांनी कधीच केला नव्हता.

*

पीटीचा सोलोमन. लग्नाचं नाव काढलं की पळायचा, म्हणून आमी त्याला "सोलो" म्हणायचो. शेवटी लग्न ठरलं. स्टेजवर नवरीनं माझ्या कानात विचारलं, "मॅडम, ये सोलो कौन है?"

मी म्हटलं, "आज से कोई नहीं!"

तो आता हैदराबादला असतो. परवा फार आठवण आली म्हणून फोन केला. त्याच्या मुलीनं उचलला.

"सोलो है क्या?"

"राँग नंबर!"

*

देबोरा मॅडमचं टोपणनाव आमी ठेवलंच नाही. तो मान त्यांच्या नवऱ्याचा. यशयाभाऊ रोज संध्याकाळी शेजारच्या मावला गावाहून स्कूटरवर न्यायला यायचे अन् गेटातूनच हाक द्यायचे, "देबूऽ!" मॅडम हातातला खडू तसाच टाकून "आले, आले!" करत पळायच्या. आमी चिडवायचो, "अवो, काऊन पळता? गाडी सुटून राह्यली का?"

मागच्या वर्षी यशयाभाऊ हार्ट अटॅकनं गेले. मॅडम परत शाळेत यायला लागल्या, पण ते नाव कोणी तोंडातून काढलं नाही.

एका संध्याकाळी शाळा सुटली तरी मॅडम स्टाफरूममधी बसूनच होत्या. मी विचारलं, "घरी नाही जायचं का?"

त्या म्हणाल्या, "सुजाताताई, काल घरी मीच मला हाक मारून पाह्यली. देबू म्हटलं. नाही जमलं. आवाज माझाच येऊन राह्यला."

मी उठले, पटांगण ओलांडून गेटापाशी गेले. स्कूटर थांबायची तिथं उभी राहिले अन् होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडले, "देबूऽऽ!"

आत खुर्ची सरकली.

"आले, आले!"