न घडलेल्या अपघातांची वही

उजव्या हाताचा तळवा छातीसमोर धरायचा आणि म्हणायचं, "थांब रं. घाई कुनाला हाय?"

अण्णांचं हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा तरी ऐकत असेन. खरं तर घाई सगळ्यांनाच होती. जगभर युद्ध पेटलं होतं. बेळगावबाहेर जोंधळ्याची शेतं सपाट करून लष्करानं धावपट्टी केली होती, आणि तिच्या कडेला विमानं दुरुस्त करायचं पत्र्याचं प्रचंड छप्पर उभं राहिलं होतं. साहेब लोक त्याला हँगर म्हणत, आम्ही छप्परच म्हणायचो. निपाणीत मॅट्रिक झाल्याच्या जोरावर मी तिथं कारकून म्हणून लागलो. अण्णा मिस्त्री होते. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. ते त्यांना आवडलं नसतं.

चिकोडीकडच्या जैन शेतकरी घरातला हा माणूस. आधी तेलाच्या गिरणीत इंजिन सांभाळायचा. पाणी गाळून प्यायचा, स्टोव्ह पेटवण्याआधी भोवतीच्या मुंग्या फुंकून लांब करायचा आणि दिवस मावळण्याआधी जेवून घ्यायचा. असा माणूस दिवसभर लढाईच्या विमानांचे नटबोल्ट आवळत बसायचा. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपल्याला त्यांच्यात विसंगती दिसते; त्यांना ती आपल्याआधीच दिसलेली असते.

मी एकदा विचारलंच. अण्णांनी हात पुसले. मग म्हणाले, "वर जाऊन ते काय करतंय, त्याचा जाब मला कधीतरी द्यावा लागंल. पर ह्या छपराखाली कुनाचं रगात सांडलं, तर तो जाब आजच."

छपरात सुरक्षिततेच्या नियमांच्या बारा पाट्या होत्या. सगळ्या इंग्रजीत. आमच्या साठ कामगारांपैकी इंग्रजी वाचणारा मी एकटा, आणि मला तर टेबलापाशी बसून काम करायचं होतं! अण्णांनी एका दुपारी मला पाटीपाटीपुढं उभं करून सगळ्यांचं मराठी करायला लावलं आणि स्वतः तेच कानडीत पोरांना सांगितलं. चौथ्या पाटीवर 'छपरात धावू नये' असं होतं. सातव्या पाटीवर 'विमानाच्या फिरत्या पंख्याजवळ सैल कपडे घालू नयेत.'

सातव्या पाटीपाशी अण्णा थांबले. सरकारनं कामगारांना दिलेले डगले सहा फुटी गोऱ्यांच्या मापाचे होते. आमच्या माणसांच्या बाह्या बोटांखाली वीतभर लोंबत. अण्णांनी पिरनवाडीचा एक शिंपी बोलावला आणि दोन दिवसांत सगळ्या बाह्या मनगटापाशी कापून घेतल्या. आठवड्यानं वरून पत्र आलं. 'सरकारी कपड्यांची नासधूस केल्याबद्दल सक्त ताकीद.' मी ते वाचून दाखवलं.

"ह्यात कुनाचं बोट गेलं असं लिवलंय काय?"

"नाही."

"मग लाव फायलीत."

अपघातांची वही माझ्याकडं असायची. अण्णा आल्यापासून ती कोरी होती. एकदा वरचे तपासनीस साहेब आले. त्यांनी वहीची पानं उलटली आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या. अपघात होत नाही असा कारखाना त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. एक तर आम्ही लपवतो, नाहीतर लिहायचा आळस करतो, असं त्यांचं म्हणणं. वही नीट भरा, असा हुकूम करून ते गेले.

अण्णांना हे सांगितलं तर ते गंभीरपणे माझ्यासमोर बसले. "लिव रायटर. आज भरमूचा हात साखळीत जायचा होता, गेला न्हाय. लिवलंस? काल सांडलेल्या तेलावरनं दोघं घसरायचे होते. तेल पुसलं, घसरले न्हाईत."

मी हसत होतो, पण लिहीत गेलो. महिन्याभरात पाच पानं भरली. न घडलेल्या अपघातांची अशी वही दुसऱ्या कुठल्या फौजेत असेल असं मला वाटत नाही. तपासनीस साहेबांना मात्र ती चेष्टा वाटली आणि दुसरी ताकीद आली. तीही फायलीत गेली.

या भरमूबद्दल सांगायला हवं. तो खानापूरकडचा, नुकतं लग्न झालेला, हातानं चलाख आणि कानानं थोडा मंद. अण्णांचं त्याच्यावर जास्त लक्ष असायचं, कारण त्याला हाक उशिरा ऐकू जायची.

आणि फडक्याबद्दलही. विमानावर माणूस काम करत असला की अण्णा त्या विमानाच्या पंख्याला तांबडं फडकं बांधत. बायकोचं जुनं लुगडं फाडून त्यांनी ते केलं होतं. नियम एकच. बांधणाऱ्यानंच सोडायचं. फडकं असेपर्यंत प्रत्यक्ष लाटसाहेब आला तरी इंजिन सुरू व्हायचं नाही. हा नियम कुठल्याही पाटीवर नव्हता, त्यामुळं सगळे पाळत.

त्या दिवशी संध्याकाळी दोन इंजिनांचं एक विमान छपराच्या तोंडाशी उभं होतं, सगळ्यांना दिसेल अशा अलीकडच्या पंख्याला फडकं बांधलेलं. ऊन कलायला आलं होतं, म्हणून अण्णा जेवायला गेलेले. एवढ्यात एक तरुण गोरा वैमानिक तरातरा आला. त्याला अंधार पडायच्या आत पुण्याला पोचायचं होतं. फडकं पाहून तो माझ्यावर ओरडला, "हे काय लोंबतंय? काढ."

मी म्हणालो, "मिस्त्री आत्ता येतील, सर."

"मिस्त्री मला हुकूम देणार?"

मी फडकं सोडलं. इतकं सोपं होतं ते. अलीकडच्या पंख्यावरून सोडलं, घडी केली, खिशात घातलं. तो वर चढला आणि खिडकीतून त्यानं विचारलं, "क्लिअर?"

मी अलीकडं पाहिलं. कोणी नव्हतं. पलीकडच्या इंजिनाला वळसा घालून बघायला वीस पावलं लागली असती.

"क्लिअर, सर," मी म्हणालो.

पलीकडं भरमू स्टुलावर उभा राहून इंजिनाचं झाकण आवळत होता.

अण्णा जेवून छपरातून येत होते. त्यांना लांबून फक्त विमानाखालून भरमूचे पाय दिसले आणि स्टार्टरची घरघर ऐकू आली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पळताना पाहिलं. "भरम्या, इळी! इळी!" ते कानडीत ओरडत होते. उतर, उतर. भरमूला ऐकू जाणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण तोंड ओरडतच होतं. त्यांनी खांद्यानं स्टूल उडवलं. भरमू बाजूला मातीत पडला, त्याला खरचटलंसुद्धा नाही. पलीकडचं इंजिन पेटलं. तोल सावरायला अण्णांचा उजवा हात वर गेला होता.

मी पोचलो तेव्हा ते खाली बसले होते. पंजा राहिला नव्हता. त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "भरमू?"

"ठीक आहे."

"मग बांध काहीतरी घट्ट. बघत काय बसलास?"

मी खिशातलं फडकं काढलं आणि त्यांच्या मनगटावर आवळलं. दुसरं काही नव्हतं जवळ.

चौकशीला तीन अधिकारी बसले. दुभाषा मीच. मी सुरुवातीलाच उभा राहून इंग्रजीत आणि अण्णांसाठी मराठीतही सांगितलं की फडकं मी सोडलं, आणि क्लिअर मी म्हणालो. मधल्या अधिकाऱ्यानं नियमांची प्रत शांतपणे चाळली. नियमांत फडकं नव्हतं, म्हणजे ते सोडण्याचा गुन्हाही नव्हता. वैमानिकानं विचारलं होतं, त्याला उत्तर मिळालं होतं. कारकुनाचं काम विमान तपासणं नव्हे. माझा कबुलीजबाब त्यांनी विषयाला सोडून आहे म्हणून खोडला. खोडलेली ती ओळ मला अजून दिसते.

मग त्यांनी अण्णांना विचारलं, "तू छपरात धावलास?"

मी मराठीत विचारलं.

"व्हय, पळालो."

"धावू नये हा नियम तुला माहीत होता?"

"व्हय साहेब. पोरांना मीच शिकवलाय तो."

निकाल तासाभरात लागला. अपघाताचं कारण, मिस्त्रीनं केलेला चौथ्या नियमाचा भंग. मिस्त्री कामास अपात्र, सेवेतून कमी. वहीत पहिला खराखुरा अपघात मीच नोंदवला. आता ती वही तपासनीसांच्या मनासारखी झाली होती.

दोन महिन्यांनी वरून नवा हुकूम आला. दुरुस्तीच्या विमानाच्या प्रत्येक पंख्याला तांबडं कापड बांधावं, बांधणाऱ्यानंच ते सोडावं. खाली एका मोठ्या अधिकाऱ्याची सही होती, आणि ही सूचना त्याचीच असल्याचं कौतुकानं लिहिलं होतं. त्याचं मराठी करायचं काम माझ्याकडं आलं. मी ते केलं आणि आठवड्याभरानं राजीनामा दिला. त्यात फार मोठेपणा नव्हता. मला तिथं झोप लागत नव्हती, एवढंच.

साहेब लोक आवराआवर करून निघाले त्या वर्षी मी अण्णांच्या गावी गेलो. संकेश्वरहून बस, पुढं दोन कोस पायी. मळ्यात विहिरीवर पाण्याचं इंजिन होतं, त्याच्या शेजारी ते बसले होते. मला पाहून हसले. "भरमू येऊन गेला की. पोरगी झाली त्याला. लई वरडती म्हनं. त्याला बी ऐकू जातंय."

मी जे बोलायला गेलो होतो ते बोलायला लागलो. अण्णांनी ऐकून घेतलं. मधे तोडलं नाही, समजूतही काढली नाही.

"तू चुकलास," ते म्हणाले. "लई चुकलास. पर तीन साहेबांम्होरं उभा राहून बोललास, ते मी ऐकलंय. आता जेव. दिवस मावळंल."

आम्ही जेवलो. एकट्या डाव्या हातानं भाकरी मोडताना ताट सरकायचं, म्हणून ते ताट गुडघ्यानं दाबून धरत. मी मदत करायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

निघताना ते मला सडकेपर्यंत सोडायला उठले. घरात दुसरं कोणी नव्हतं. आक्का, म्हणजे त्यांची बायको, चिकोडीच्या बाजाराला गेलेल्या. खुंटीवरचा पटका त्यांनी डाव्या हातानं काढला, क्षणभर तसाच धरला, आणि माझ्यासमोर खाली मांडी घालून बसले.

"बांध," ते म्हणाले. "उघड्या डोक्यानं वेशीबाहेर जात न्हाय मी."

मी आयुष्यात कधी पटका बांधला नव्हता. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा कसाबसा बसला, एका कानावर कलता. त्यांनी डाव्या हातानं चाचपून पाहिला.

"जमलं की," म्हणाले.

त्यानंतर आमची भेट झाली नाही. दोन पावसाळ्यांनी ते गेल्याचं भरमूनं कळवलं. माझ्या डोळ्यांपुढं राहिले आहेत ते त्या संध्याकाळचे अण्णा, सडकेच्या कडेला उभे, वाकडा पटका तसाच मिरवत, येणाऱ्याजाणाऱ्याचा रामराम घेत.