फ्लेक्सचा पुरावा

मी शाळेत शिकवते आणि फावल्या वेळात इंटरनेटवरच्या मुक्त ज्ञानकोशात लिहिते. तिथं कोणीही लिहू शकतं. फक्त लिहिलेल्याला छापील आधार लागतो आणि कोणाची आरती ओवाळायची नसते. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावावरचा लेख मीच सुरू केला. पहिल्याच दिवशी त्यात लिहून टाकलं, की थोर समाजसेवक असलेल्या माझ्या बाबांनी गावात वाचनालय काढलं.

दोन दिवसांत एका अनोळखी संपादकानं 'थोर' उडवलं आणि आधार मागितला. मी बाबांच्या पंचाहत्तरीच्या फ्लेक्सचा फोटो चिकटवला. आमच्याकडे फ्लेक्सवर लागलं म्हणजे खरंच असतं ते. त्यानं शांतपणे विचारलं, फ्लेक्सवरचा मजकूर कोणी लिहिला? मीच लिहिला होता. अशी तोंडघशी पडले की विचारू नका. राग आला, पण माणूस बरोबर होता. मी माझ्या हातानं ते वाक्य काढलं.

बाबांना मात्र लागलं. त्यांचे डोळे अधू होत चाललेत. दिसतंय तोवर त्यांना ते वाक्य वाचायचं होतं. "माह्यं नाव काहून काहाडलं? पोटची पोरगी असून?" म्हणाले, आणि जेवताना माझ्याशी बोलेनात.

मग सुट्टीभर मी एसटीनं वाशीमला जाऊन जुन्या साप्ताहिकांचे गठ्ठे उपसले. शिंकून शिंकून जीव गेला. शेवटी बातमी सापडली. वाचनालयाला आपल्या दुकानाची अर्धी जागा एका मुसलमान शिंप्यानं दिली होती. पुस्तकं जमवणाऱ्या पाच जणांत बाबांचं नाव तिसरं.

घरी येऊन बातमी बाबांना जशीच्या तशी वाचून दाखवली. बाबा म्हणाले, "बराबर हाये. जागा त्याचीच होती, मीच त्याले इसरलो. त्याचं नाव पयले लिहजो."

बापाबद्दल लेकीनं लिहू नये, म्हणून मी बातमी त्या संपादकाला पाठवली. त्यानं दोन कोरडी वाक्यं लेखात घातली. बाबांनी मोबाइल डोळ्यांशी धरून ती वाचली आणि मला घेऊन थेट शिंप्याच्या लेकाच्या दुकानात गेले. गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर म्हणाले, "तुह्या बापाचं नाव राह्यलं होतं गड्या. माही चूक होती."

आपली चूक चार माणसांत अशी सांगणारा बाप माझा आहे. मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि याला मी कसलाच आधार देणार नाही.