एकेचाळीस दिवस हाताने

ईश्वरचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. सातच्या पाळीला तो जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात जायचा. त्याआधीचे दोन तास त्याच्या बॉटचे. त्याच कारखान्यात मी एकतीस वर्षं माग चालवला. आता निवृत्त आहे, आणि तो माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो. वय चौतीस. आईवडील धुळ्याला होते, ते गेले. लग्न नाही. दोन वर्षांत त्याच्याकडे पाहुणा आलेला मी पाहिला नाही.

कॉम्प्युटरवर मालट्रक चालवण्याचा एक खेळ आहे. खेळणारे त्यात आपली भर घालतात: आपल्याकडच्या गाड्या, घाट, ढाबे. त्या भरीला मॉड म्हणतात. मूळ खेळ बदलला की मॉडही सुधारावा लागतो, नाहीतर खेळ बिघडतो. मॉड करणारे पन्नास ठिकाणी विखुरलेले. ईश्वरने एक प्रोग्राम लिहिला. तो दर अर्ध्या तासाने सगळी ठिकाणं पाहून येतो आणि नवं दिसलं की चॅटवरच्या गटात कळवतो. हाच बॉट. गटात तीनशे माणसं, नाशिकपासून सुरतेपर्यंतची.

"हा कंटेनरमध्ये चालतो," तो म्हणाला. मला मालगाडीवरचा कंटेनर आठवला.

"तसा नाही आबा. जेवणाचा डबा समजा. लागणारं बठ्ठं सामान त्यामाच शे, सगळं आतच. दुरुस्ती केली की जुना डबा फेकायचा, नवा भरायचा."

"घासायचा नाही?"

"नाही. फेकायचाच."

मला ते पटलं नाही.

चार वर्षं गटात बॉट बोलला. ईश्वर एक ओळही बोलला नव्हता. बॉट कोणाचा, हे कोणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी त्याने दुरुस्ती केली, नवा डबा सुरू केला आणि कामावर गेला. कोणत्या सूचना देऊन झाल्या त्याची यादी जुन्या डब्यात होती. एरवी तो ती आधी नव्या डब्यात भरायचा; त्या दिवशी विसरला आणि ती डब्याबरोबर गेली. बॉटला सगळंच नवं दिसलं. कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करतात. ईश्वर मागावर उभा होता तेव्हा बॉटने दोनशेवर जुन्या सूचना नव्या म्हणून टाकल्या. लोकांनी विश्वासाने जुने मॉड घातले. खेळ बंद पडले. पाळी सुटेपर्यंत गट चालवणाऱ्या अर्हमने बॉटला काढून टाकलं होतं. हा अर्हम धुळ्यात कापडाचं दुकान सांभाळतो.

मागावर दोरा तुटला तर यंत्र थांबवून गाठ मारतात, पुन्हा सुरू करतात आणि दहा मिनिटं तिथेच उभं राहून पाहतात. हा सुरू करून निघून गेला. मी तसं बोललो. "बरोबर आहे," तो म्हणाला.

मग त्याने गटात पहिल्यांदा लिहिलं: बॉट माझा. चूक माझी. आता सूचना मी हाताने टाकीन.

"रोज पन्नास ठिकाणं? बघू किती दिवस," एकाने लिहिलं.

"भाऊ, तू माणूस आहेस होय? आम्हाला वाटलं कंपनी आहे," दुसऱ्याने.

हा दुसरा भिकन. मूळचा शिरपूरचा, सुरतेत खराखुरा ट्रक चालवतो. आठवड्यात एक दिवस सुट्टी, त्यातही खेळात ट्रकच चालवतो. चार दिवसांनी त्याने लिहिलं, "भाऊ, जेवना का?" ईश्वरने जिना उतरून येऊन मला ते दाखवलं.

पाळीच्या आधी दोन तास, नंतर तीन तास. एक ठिकाण त्याने सोडलं नाही. विसाव्या दिवशी मी विचारलं, "बॉट दुरुस्त झाला का?"

"केव्हाच. यादी आता डब्याबाहेर ठेवलीय."

"मग?"

"बॉटला जेवलास का असं कोणी विचारत नाही, आबा."

"मग काम कोणासाठी चाललंय? त्यांच्यासाठी की तुझ्यासाठी?"

तो जिना चढून वर गेला.

एकेचाळिसाव्या दिवशी मागावरचा पुढच्या पाळीचा जोडीदार आला नाही, म्हणून ईश्वरला सलग दोन पाळ्या कराव्या लागल्या. दुपारी मूळ खेळ बदलला होता. मॉड सुधारेपर्यंत खेळ उघडू नका, ही सूचना अकरा तास उशिरा गेली. त्याआधीच भिकनने खेळ उघडला होता. त्याचा चार वर्षांचा साठवलेला प्रवास पुसला गेला. त्याने एवढंच लिहिलं: काही नाही भाऊ, तू कामावर होतास.

ईश्वरला तेच लागलं. बॉट चुकला तेव्हा लोकांनी शिव्या घातल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्हमला सांगून त्याने बॉट परत लावला. या वेळी दोन तास समोर बसून पाहिलं. पाळीला उशिरा पोचला, अर्धा दिवस कापला गेला. अर्हमने गटात पसंतीचा अंगठा टाकला. आणखी कोणी काही लिहिलं नाही. भिकनने दोनदा जेवणाचं विचारलं, मग तेही थांबलं. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. सूचना वेळेवर येत होत्या.

मे महिन्यात वीज जायला लागली. जादा पाळ्यांच्या पगारातून ईश्वरने इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली. बॅटरी लहान आहे. वीज गेली की तिच्यावर एकच काहीतरी टिकतं, पंखा किंवा बॉट चालतो तो कॉम्प्युटर. तो पंखा बंद करतो आणि दार उघडून उंबऱ्यावर बसतो.