रेडिओचा अबोला

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण त्याचं तोंड कधी बंद नसे. दुर्मीळ प्राणी वाढवण्याच्या त्या केंद्रात अख्खा देश एका कुंपणात बसवला होता. थंड खोलीत बर्फाळ डोंगरांवरचे पक्षी, दिव्यांनी तापवलेल्या शेडमध्ये वाळवंटातले सरडे, वाफेच्या खोलीत पावसाळी जंगलातले बेडूक आणि मागे तळ्याकाठी पाणथळीतले सारस. सकाळच्या फेरीत रेडिओ स्वेटर घालायचा, काढायचा, घाम पुसायचा आणि चहाच्या वेळी म्हणायचा, "देश पालथा घालून आलो बुवा!" खरं तर तो गावाबाहेर फारसा पडलाच नव्हता. देशाच्या दुसऱ्या टोकाला मुलगी नांदत होती, तिथंही नाही. बायको गेल्यापासून घरी बोलायला चार भिंती. रविवारी मुलीचा फोन यायचा.

"जेवलात ना बाबा?"

"हो."

"बरं, ठेवते हं, कामं पडलीत."

संपला रविवार. म्हणून बिचारा सगळं बोलणं कामावर आणून ओतायचा.

अशा माणसाकडे केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी सारसाचं पिल्लू वाढवायला दिलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले. ते काम मुक्याचं. पिल्लानं माणसाला आपलं मानलं, तर पुढे ते रानात टिकत नाही. म्हणून पायघोळ पांढरा झगा घालायचा, तोंड झाकायचं, सारसाच्या डोक्याची बाहुली हातात धरून तिच्या चोचीनं भरवायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही.

"जमेल का हो?" बाईंनी विचारलं.

"न जमायला काय झालं? बटण बंद केलं की झालं."

आणि त्यानं जमवलंही. पण मग पिल्लानं खाणंच सोडलं. बाहुलीची चोच टकटकवून रेडिओचे हात दुखले, तरी ते मान टाकून बसलेलं. त्याचा जीव कासावीस झाला आणि झग्याच्या आतून शब्द निसटले, "जेव गं बाई माझी." पिल्लानं मान वर केली आणि किडा टिपला. एकदा तोंड सुटलं ते सुटलंच. रोज भरवताना तो तिला सगळं सांगू लागला, घरचं, मुलीचं, दुखऱ्या गुडघ्याचं. इतकं मन लावून त्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

झाकली मूठ कुठवर झाकणार? एकदा रेडिओ भिंतीपलीकडे पहारेकऱ्याशी गप्पा मारत होता आणि आत ती आवाजाच्या रोखानं धावत सुटली. बाईंनी पाहिलं.

"बोललात तिच्याशी?"

"बोललो."

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिला तळ्यावर इतर सारसांत सोडलं आणि रेडिओला तिथं जायला बंदी केली. तिचे पंख भरले, तेव्हा त्याला बोलावलं.

"झगा न घालता कुंपणाशी उभे राहा आणि हाक मारा. ती तुमच्याकडे आली, तर तिला रानात सोडता येणार नाही. जन्मभर इथंच राहील."

जन्मभर इथंच. येऊ दे, असं रेडिओला वाटलं. लाज वाटली, पण वाटलं. त्या लाजेनं त्यानं परक्यासारखी, दबकत हाक मारली.

"रोजच्यासारखं बोला," बाई म्हणाल्या. "इथं परीक्षा खोटी झाली, तर रानात तिचा जीव जाईल."

"जेव गं बाई माझी!"

थव्यातली एकच मान वर झाली. ती त्याच्याकडे बघत राहिली. रेडिओनं कुंपणाची जाळी घट्ट धरली. तेवढ्यात शेजारचा सारस ओरडला. ती वळली, तिनं त्याला ओ दिली आणि चिखलात चोच घातली. रेडिओनं पुन्हा हाक मारली. या वेळी मान वर झाली नाही.

"सुटली!" बाई म्हणाल्या.

"सुटली बुवा एकदाची," तोही म्हणाला. सगळ्यांनी पाठ थोपटली, आणि त्याला हसावं लागलं.

नवं अंडं फुटलं तेव्हा बाई झगा घेऊन आल्या. त्यानं हात जोडले. "दुसऱ्या कुणाला द्या बाई. मला बोलल्याशिवाय राहवत नाही."

"मग बेडकांकडे जा. त्यांच्याशी कितीही बोला, त्यांना काही फरक पडत नाही."

आता तो वाफेच्या खोलीत असतो. रानात सोडल्यावर ती कशी उडाली, पोरीनं मागे वळूनसुद्धा कसं पाहिलं नाही, हे त्यानं बेडकांना कितीदा तरी सांगून झालंय. ते ओल्या पानांवर डोळे मिटून बसलेले असतात. रेडिओ किड्यांचा डबा उघडतो, पानांवर किडे सोडतो आणि विचारतो, "जेवलात ना?"

मग जरा थांबून स्वतःच म्हणतो, "हो."