शाळेचं फाटक आणि बंसीचं दार

नगरपालिकेत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. अर्ज न करता टेबलावर येऊन पडतात! मी जळगावला बांधकाम विभागात होतो, तेव्हा व्हिडिओ पार्लरचं नुसतं पेव फुटलं होतं. 'फक्त प्रौढांसाठी'चे पिक्चर लावणारी पार्लर आणि बिअर बार शाळा-देवळापासून ठरलेल्या अंतराच्या आत नकोत, असा नियम. अंतर दारापासून दारापर्यंत, रस्त्याने मोजायचं. मोजणारे आमचे ओव्हरसियर नाना. या माणसाचा स्वतःच्या सावलीवरही विश्वास नव्हता.

शिपाई सुपडू टेपचं शून्याचं टोक गुपचूप सरकवतो, असा नानांना संशय. म्हणून टोक माझ्याकडे आलं. मग माझ्यावर लक्ष ठेवायला सुपडू, आणि सुपडूवर लक्ष ठेवायला स्वतः नाना.

टेपकडे कोणीच बघत नव्हतं!

* * *

एका नव्या बारची पाहणी होती. जाऊन बघतो तर समोर लिंबाखाली शेंदूर फासलेला मारुती! बारवाला रडकुंडीला आला.

"साहेब, काल आठे नुसता दगड व्हता! हाई चौकमधला बारवालानं काम शे!"

नानांनी मारुतीला बोट लावलं. शेंदूर ओला होता.

"पाणी मुरतंय," नाना म्हणाले आणि तेच बोट कपाळाला टेकवून त्यांनी नमस्कार केला. "संशय आपल्या जागी, देव आपल्या जागी."

* * *

मेहरूणकडे बंसीचं पार्लर मुलींच्या शाळेच्या रांगेतच, फाटकापासून चार दुकानं सोडून होतं. आम्ही नोटीस दिली. पठ्ठ्याने पुढचं दार विटांनी बुजवलं आणि मागच्या गल्लीत नवं काढलं! रस्त्याने वळसा पडला, अंतर वाढलं. गिऱ्हाईकही खूश, आत शिरताना ओळखीचं कोणी बघत नाही.

वर बंसी आम्हालाच ऐकवायचा, "माझी शकू त्याच शाळेत शिकते. मी वाईट करीन का, नाना?"

* * *

धुळ्यात असले सगळे धंदे एका गल्लीत आहेत, असं कोणीतरी आमच्या साहेबांना सांगितलं. साहेबांनी नानांना आणि मला बघायला पाठवलं. नाना टोपी डोळ्यांवर ओढून गल्लीच्या तोंडाशी उभे. तेवढ्यात एका पार्लरमधून बाहेर आले ते थेट नानांचे व्याही!

"मी ऑफिसच्या कामाला आलोय," नाना घाईघाईने म्हणाले.

"मी बी ऑफिसनाच कामले उनू!"

व्याह्यांची मिरचीची शेती होती.

* * *

बंसीच्या दाराचं प्रकरण मात्र मिटलं नव्हतं. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला सगळे अक्का म्हणत. पार्लरमुळे आईबाप एकेक मुलगी काढून नेत होते; असंच चाललं तर शाळेला कुलूप लागणार होतं. अक्कांनी काय करावं? शाळेची मागची भिंत फोडून त्याच गल्लीत फाटक काढलं आणि म्हणाल्या, "आता मोजा!"

"ह्यांना ही युक्ती शिकवली कोणी?" नाना माझ्याकडे रोखून बघत म्हणाले.

मोजायला गेलो, तर बंसीने हट्ट धरला, "तुमच्या माणसांवर माझा भरवसा नाही. टोक मी धरणार." नानांनी वाकून, चष्मा पुसून, शून्य बरोबर उंबऱ्यावर टेकल्याची खात्री केली. मग फाटकाशी माझ्याजवळ येऊन आकडा वाचला. जेमतेम, पण अंतर पुरलं. पार्लर वाचलं. अक्का फाटकाला धरून उभ्या राहिल्या. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात शाळा सुटली आणि मुली नव्या फाटकातून बाहेर आल्या. त्यातली एक ओरडली, "अगं, ते बघ शकूचे पप्पा!"

शकू मागून येत होती. तिने वडिलांना पाहिलं, त्यांच्या डोक्यावरचं पोस्टर पाहिलं, आणि दप्तर तोंडासमोर धरून ती उलट्या पावली शाळेत पळाली.

बंसी टेपचं टोक धरून तसाच उभा.

"नाना," तो तिथूनच ओरडून म्हणाला, "अंतर कमी आहे. टोक मी मागे ओढून धरलं होतं."

मी टेप ताणला. "परत मोजू ना?"

"कशाला?" नानांनी पेनाचं टोपण काढलं. "बंसी खोटं कशाला बोलेल!"