आईचं भाषण, दोन वेळा आडवं

लोकहो, आज मले मोबाईलवर शूटिंग करणाऱ्या माणसायची शिसारी आली आहे.

अकोल्याले आईचा निरोप समारंभ झाला. तीस वर्षं अंगणवाडी चालवली, पण माइक तिनं पयल्यांदाच हातात धरला. व्हिडिओ काढला आमच्या काकाजीनं. पूर्ण आडवा! आई जशी काही खाटेवर पडून बोलून राहिली. मोबाईल फिरवून पाहावं, तं चित्रही त्याच्यासंगं फिरते.

आज सकाळपासून मी अमरावतीत घरच्या कॉम्प्युटरपुढं. आधी प्लेअरमध्ये सरळ केला अन् घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, तं तिथं पुन्हा आडवाच. मंग समजलं, नुसता फिरवून भागत नाही, नव्यानं सेव्ह करा लागते. दोन तास गेले, पण आई एकदाची उभी राहिली.

तेवढ्यात काकाजी चहाले आले. "सरळ झाला काय? थांब!" म्हणे. अन् माझ्या स्क्रीनचाच व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. तोही आडवा! वरून भाषणाच्या मधात त्याहिचा आवाज, "चहात साखर टाकजो वो थोडी."

मंग मीही सरळ केलेली फाईल टाकली, पण मोठी म्हणून कोणी उघडली नाही. काकाजीले मात्र धडाधड अंगठे. "व्वा काकाजी!" कायचं व्वा?

आता आईचा फोन आला. "पाह्यलं वो बाई, मान वाकडी करून सारं पाह्यलं. फक्त लेकरायची आठवण सांगताना मी रडली, तिथंच तुहे काकाजी साखर मागून राहिले."

तुमच्या घरीही असा एक काकाजी असनच. पुढच्या कार्यक्रमात त्याच्या दोन्ही हातात हार धरून ठेवाले द्याल काय?