हाडांच्या फोटोत सापडलेलं भलतंच

मध्य प्रदेशातल्या बालाघाटला हाडांचा डॉक्टर म्हणून बसल्यापासून माझ्याकडे फिल्म कमी आणि किस्सेच जास्त साठले आहेत. त्यातले बरेचसे बोन स्कॅनचे. हा स्कॅन करायला आमचे पेशंट नागपूरला जातात. शिरेतून थोडं किरणोत्सारी औषध देतात; हाडात जिथे गडबड, तिथे फिल्मवर काळा डाग. उरलेलं औषध किडनीतून लघवीवाटे जातं, म्हणून किडन्याही दिसतात. आपण बघायला जातो एक आणि निघतं भलतंच.

*

बैहरच्या एका फॉरेस्ट गार्डच्या मांडीवर डाग आला. नागपूरच्या टेक्निशियननं पँट बदलायला लावली, तर डाग गायब. लघवीचा थेंब सांडला होता, एवढंच. गार्डनं ती पँट नागपूरलाच सोडली. मला म्हणाला, "बिमारी पँटीत होती, तं घरी काहून आणू?"

*

एका रिटायर्ड गुरुजींच्या तीन बरगड्यांवर एका ओळीत डाग. पडला होता का, विचारलं. नाही म्हणाले. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी शांतपणे म्हणाल्या, "आता समजलं, स्कूटरचा आरसा काहून फुटला." स्कूटर चालवणं गुरुजींनी वर्षापूर्वीच सोडलं होतं, म्हणे.

*

खैरलांजीच्या काकूंचं कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. स्कॅनमध्ये जबड्यावर डाग दिसला. आठवडाभर त्यांनीच सगळ्या घराला धीर दिला. तपासलं तर किडलेली दाढ. मी हसत सांगितलं आणि काकूंचा चेहरा पडला.

"मंग दाढ काढा लागन का?"

*

हट्टा गावाकडचे एक काका, सत्तरीचे. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला की काय, ते पाहायला स्कॅन केला. हाडं स्वच्छ होती. ते आधी सांगितलं, मग म्हटलं, किडनी मात्र एकच दिसते. सोनोग्राफीतही तेच निघालं. जन्मापासूनच एक.

तेव्हा काकांनी सांगितलं, थोरल्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा यांना मागितली होती. हे तपासणीलासुद्धा गेले नाहीत. भाऊ वारला. वहिनी तेव्हापासून यांच्याशी बोललेली नाही.

"म्हणजे मी हौ म्हणलं असतं, तरी देता आली नसती?"

नसती, मी म्हणालो.

वहिनीला दाखवायला त्यांनी ते हिंदीत लिहून मागितलं. मी लिहून सही केली. कागद घडी करून खिशात ठेवत ते दारापर्यंत गेले. मग परत आले आणि तो टेबलावर ठेवला.

"राहू द्या, साहेब. मले थोडी माहीत होतं? मी तं भिऊन नाही म्हणलं होतं."